हापालाचं चुकलेलं कार्ड

हापाला बोलत नाही. मुका नाही, फिनिश आहे. मिनेसोटातल्या डुलुथमध्ये दोन्ही एकच धरतात आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. सकाळी दुकान उघडताना तो "थंडी" म्हणतो, संध्याकाळी बंद करताना "चला" म्हणतो, आणि मधल्या वेळात गिऱ्हाइकाने काही विचारलं तर हनुवटीने भिंतीकडे दाखवतो. भिंतीवर कार्डं असतात. जे काय बोलायचं ते त्याने तिथे लिहून ठेवलेलं असतं.

आमचं दुकान रेकॉर्डचं. नवीन बँडची रेकॉर्ड आली आणि आमच्यापैकी कुणाला आवडली, की त्याने जाड कागदाच्या तुकड्यावर चार ओळी लिहायच्या आणि तो भिंतीवरच्या त्या कव्हरखाली टाचणीने लावायचा. अशा दुकानांत ही रीतच आहे. ज्या बँडचं नाव त्यांच्या शेजाऱ्यांनाही माहीत नाही, त्याची रेकॉर्ड कोण उगाच घेतो? कुणीतरी सांगावं लागतं, की घे बाबा, मी ऐकलीय, तुला काही होणार नाही.

हापालाच्या कार्डांवर गावाचा देवासारखा विश्वास. एकदा त्याने लिहिलं होतं, "हे चौघं एकमेकांशी भांडलेले आहेत, पण ड्रमवाल्याला अजून कुणी सांगितलेलं नाही." ती रेकॉर्ड दुपारपर्यंत संपली. दुसऱ्या एका कार्डावर नुसतंच, "गाडी सुरू होत नसेल तेव्हा ऐका. सुरू झाली तरी ऐका." तीही संपली. लोक भिंतीसमोर टोप्या हातात धरून उभे राहतात आणि वाचून झालं की त्याच्याकडे बघून मान हलवतात. तो मान हलवतो. याला हापालाच्या आयुष्यात गप्पा मारणं म्हणतात. घरी तो आणि एक मासा असतो.

मी टिल्डा. याच दुकानात आठ वर्षं काढली, आणि माझं एकही कार्ड भिंतीवर टिकलेलं नाही. मी लिहिते, "गिटार छान. घ्या." हापाला येतो, वाचतो, टाचणी काढतो, कार्डाचे दोन तुकडे करतो आणि म्हणतो, "कमी." जो माणूस दिवसाला दोन शब्दांवर भागवतो, त्याने मला कमी म्हणावं! पण दुकानाची मालकीण बर्निस त्याच्याच बाजूची. कार्डांचं खातं त्याचं.

त्याचे नियम दोन. पहिला, लिहिण्याआधी काहीही वाचायचं नाही. रेकॉर्ड आली की तो ती डोळे मिटून बाहेर काढणार, कव्हर माझ्याकडे देणार, आतला माहितीचा कागद न बघता केराच्या डब्यात. कोण गातं, कुठलं, कशावर गातं, काही कळता कामा नये. "कान उष्टा होतो," म्हणतो. दुसरा नियम, ज्याचं कार्ड चुकलं त्याचं पेन सरोवरात. पुन्हा लिहायचं नाही, कधीच. माझ्याआधी रूडी म्हणून एक जण होता. त्याने एका रेकॉर्डवर लिहिलं, "पाहुणे जेवायला येणार असतील तर उत्तम." एका निवृत्त न्यायाधीशीणबाईंनी ती पाहुण्यांना लावली. दुसऱ्या बाजूला कुणीतरी करवतीने पत्रा कापत होतं, जेवण संपेपर्यंत. रूडी हल्ली बूट विकतो.

तर जानेवारीत एक रेकॉर्ड आली. बँडचं नाव वेट मिटन्स, म्हणजे ओले हातमोजे. कव्हरवर पाठमोरं बदक. यांनी आपली गाणी फोनवर कुठे टाकलीच नव्हती. ऐकायचं तर रेकॉर्ड आणा, असा हट्ट. हापाला ती घेऊन मागच्या खोलीत गेला. तिथे एक हीटर आहे आणि एक जुना टर्नटेबल. बाहेर आला तेव्हा डोळे लाल.

"काय झालं?" मी म्हटलं.

"हीटर," तो म्हणाला, आणि लिहायला बसला.

कार्ड असं होतं: "तळघरात पाणी शिरलंय आणि हा माणूस पायरीवर बसून ते बघतोय. त्याला घाई नाही. 'सँडविच घे, कुत्र्याला घे, आपण जाऊ,' एवढंच म्हणतो. पण कुत्रा आता नाही, हे त्याला माहीत आहे. माझ्याच वयाचा असावा. एकट्याने ऐका."

मग त्याने ती रेकॉर्ड दुकानात लावली. खरं सांगते, मी रेकॉर्डचा स्टॅंड लावत होते तो तसाच सोडला आणि माझा लहानपणीचा कुत्रा आठवून बसले. जडशीळ ढोल, मधाच्या बाटलीतून सांडावी तशी गिटार, आणि तो आवाज. खोल, दमलेला, सगळं भोगून झालेला. आमच्याकडे बर्फ मे महिन्यापर्यंत हटत नाही. घाईची गाणी ऐकून आम्ही जाणार कुठे? गावाने ती रेकॉर्ड डोक्यावर घेतली. पुन्हा मागवली, पुन्हा संपली.

क्लिफर्ड आला. हा जन्मभर लोहखनिजाच्या बोटींवर स्वयंपाकी होता. आता निवृत्त आहे आणि रोज येतो. म्हणाला, "हापाला, रात्री तुझा तो माणूस लावला आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा रडलो बघ. बरं वाटलं. आधी मी चुकून पंचेचाळीसवर लावली होती. खारी भांडताहेत असं वाटलं. मग तुझं कार्ड आठवलं, म्हटलं असं कसं असेल, आणि नीट तेहेतीसवर केली."

मोठी रेकॉर्ड तेहेतीसच्या वेगाने फिरते आणि छोटी पंचेचाळीसच्या, हे आमच्याकडे पाळण्यातली पोरंसुद्धा जाणतात. म्हाताऱ्याला बटणं दिसत नाहीत, असं मी मनात म्हटलं. हापालाने सहानुभूतीने मान हलवली. ती चूक त्या आठवड्यात आणखी दोघातिघांनी केली होती. सगळ्यांनी कार्ड वाचून ती दुरुस्त केली होती.

फेब्रुवारीत बँडचा मेल आला. ते फार्गोचे निघाले. त्यांनी लिहिलं होतं, की आमच्या रेकॉर्ड आमच्याच गावात कुणी घेत नाही आणि डुलुथमध्ये संपतात कशा? तुम्ही कोण लोक आहात? आम्ही मार्चमध्ये येऊन दुकानात गाऊ का?

हापालाने झाडू मारला. आठ वर्षांत हे मी प्रथम पाहिलं. नवा शर्ट आणला, निळ्या चौकटींचा, त्याची घडीची रेघ तशीच ठेवून घातला. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तो मागच्या खोलीत पुटपुटताना सापडला.

"कुणाशी बोलतोयस?"

"सराव," तो म्हणाला. त्या माणसाला भेटल्यावर काय म्हणायचं ते त्याने ठरवलं होतं.

"काय म्हणणार आहेस?"

त्याने हीटरची कळ उगाच फिरवली. "मी पण," म्हणाला.

"एवढंच?"

"पुरे."

मला हसायला यायला हवं होतं. नाही आलं.

शनिवारी दुपारी एक व्हॅन आली, दार दोरीने बांधलेलं. आतून दोन मुली उतरल्या. एक उंच, वेणीवाली, सारखी जागच्या जागी उड्या मारणारी. तिचं नाव सिगने. दुसरी तिची चुलत बहीण मारिट, खांद्यावर ढोल. हापाला त्यांच्या डोक्यांवरून व्हॅनकडे बघत होता.

"ते मागून येताहेत का?" त्याने विचारलं.

"ते कोण?" सिगने म्हणाली.

"गाणारे."

"मीच गाते."

हापालाने विनोद ऐकल्यावर हलवतात तशी मान हलवली आणि व्हॅनपाशी जाऊन थांबला. आतून एक चौकोनी, आखूड पायांचा कुत्रा उतरला, त्याच्या बुटांचा वास घेतला आणि दुकानात शिरला.

"हा कोण?"

"हा जेराल्ड. त्या सँडविचच्या गाण्यात आहे ना, तोच कुत्रा. सहलीला न्यायचं म्हटलं की वेडा होतो."

हापाला म्हणाला, "हा जिवंत आहे?"

"म्हणजे काय? कालच त्याने आमचा नकाशा खाल्ला."

हापाला वळला आणि तडक मागच्या खोलीकडे निघाला. तेवढ्यात आतून मारिटने ढोल वाजवून पाहिला, सिगने गिटार घेऊन तिला जाऊन मिळाली, आणि दोघींनी ते गाणं सुरू केलं. सँडविच घे कुत्र्याला घे आपण जाऊ आपण जाऊ आपण जाऊ. तापल्या तव्यावर वाटाणे टाकावेत तसं. जेराल्ड गोल गोल फिरायला लागला. क्लिफर्डने आमच्याकडच्या पद्धतीप्रमाणे घरून भाजलेल्या बटाटे-खिम्याचा मोठा ट्रे आणला होता, तो फिरता फिरता जेराल्डला दिसला आणि जेराल्ड थेट त्यात शिरला.

मी मागच्या खोलीत पोचले तेव्हा हापाला टर्नटेबलसमोर उभा होता. रेकॉर्ड फिरत नव्हती. मी ती उचलून उजेडात धरली. मधल्या गोल कागदावर बदकाच्या पायाखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: ४५. काही हौशी बँड आवाज खुलतो म्हणून मोठी रेकॉर्डही त्या वेगाची काढतात. क्वचित. फार क्वचित. तशी रेकॉर्ड हळू फिरवली की पोरीचा आवाजही म्हाताऱ्याचा होतो. आणि आतल्या कागदावरही ते ठळक लिहिलं असणार, जो कान उष्टा होऊ नये म्हणून केरात गेला होता. मी बटण सरकवलं, सुई टेकवली. खारी भांडायला लागल्या.

हापालाने खिशातलं पेन काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"आता तू लिही," तो म्हणाला.

आठ वर्षं मी याच क्षणाची वाट पाहिली होती. त्याची चूक सापडावी, त्याचं कार्ड मी माझ्या हाताने फाडावं आणि म्हणावं, "जास्त." आता पेन हातात होतं आणि ते कुठे ठेवावं कळेना. लिहिलं नाही तर हा माणूस बोलणार कुठे? माशाशी?

"वेडा आहेस का," मी म्हटलं. "गप्प बस. लोकांना वाटेल आज बँडला जरा घाई आहे. फार्गोला परत जायचंय, रस्ता खराब आहे. निभेल."

"नाही."

"हापाला, तुला माझी शपथ."

"कार्ड चुकलं," तो म्हणाला, आणि बाहेर गेला.

बाहेर गाव जमलं होतं. सगळ्यांनी काळे लोकरीचे कोट घातलेले, सगळ्यांच्या खिशात रुमाल. रडायची पूर्ण तयारी करून आले होते. हापाला माइकपाशी गेला. तो माइकपाशी जातो हेच इतकं अघटित होतं, की जेराल्डसुद्धा खायचा थांबला.

"मी चुकीच्या वेगाने ऐकली," हापाला म्हणाला. "ती पंचेचाळीसची आहे. तळघर नाही. पाणी नाही. कुत्रा इथे आहे. यापुढे मी कार्डं लिहिणार नाही. चला."

आमच्याकडे लोक ओरडत नाहीत. मागून त्या न्यायाधीशीणबाई म्हणाल्या, "जरा वेगळंच झालं म्हणायचं." यापेक्षा जहाल शिवी मिनेसोटात नाही.

"म्हणजे खारी बरोबर होत्या?" क्लिफर्ड म्हणाला.

सिगनेला आधी हसू फुटलं होतं. मग तिने समोरचे चेहरे पाहिले आणि ते विरलं. "म्हणजे तुम्हाला आम्ही आवडलोच नव्हतो," ती म्हणाली.

"तुम्हाला आम्ही ओळखत नाही, बाळ," क्लिफर्ड म्हणाला, जमेल तितक्या मायेने. "आम्हाला तो आवडला होता."

"तो कोण?"

आता कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं. मी दुकानातल्या टर्नटेबलवर रेकॉर्ड लावली आणि बटण तेहेतीसवर नेलं. ढोल जडशीळ पडला. गिटार सांडली. मग तो आला. सँडविच घे. कुत्र्याला घे. आपण जाऊ. काळ्या कोटांतून दोन-चार रुमाल सवयीने बाहेर निघाले.

सिगने हळूहळू एका खोक्यावर बसली. वेणी तोंडात धरली. मारिट म्हणाली, "अगं, हे तर काका."

"बाबा," सिगने म्हणाली. "बाबाच आहेत हे."

तिचे वडील चर्चमध्ये खर्जात गातात, मारिटने आम्हाला सांगितलं. जन्म गेला त्यात. हिच्या गाण्याला ते चिवचिवाट म्हणतात. रेकॉर्ड निघाली तेव्हा हिने घरी आणून दिली, तर म्हणाले, कव्हर चांगलं आहे, बदक ओळखू येतं.

सिगनेने फोन काढला. कुणाला काही न विचारता नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन स्पीकरसमोर धरला. पलीकडे कुणीतरी खाकरलं. आम्ही सगळे उभे राहून, फार्गोमध्ये एक माणूस गाणं ऐकतोय, ते ऐकत होतो. गाणं संपलं.

"बाबा, कसं आहे?"

"कोण हा?" आवाज तोच. रेकॉर्डवरचा. क्लिफर्डने टोपी काढली.

"का?"

"याला गाता येतं. दम आहे. शब्द सुटा येतो. तू जरा अशा माणसांकडून शिकावंस, असं माझं मत आहे. राग मानू नकोस."

"बाबा, ती मीच आहे. आमचीच रेकॉर्ड आहे. फक्त हळू लावलीय."

पलीकडे पुन्हा खाकरणं झालं.

"मग हळूच गायचं ना, पोरी," ते म्हणाले. "तुला एवढी घाई कसली असते?"

सिगने हसत होती आणि वेणीनेच डोळे पुसत होती. तिला आणखी बोलवेना, तिने फोन समोरच्या माणसाच्या हातात कोंबला. समोर हापाला होता. त्याने फोन दोन्ही हातांनी धरला, तो फुटणार नाही अशा बेताने.

"कोण बोलतंय?" वडिलांनी विचारलं.

"हापाला."

"दुकानवाले?"

"हो."

"तुम्हीही फसलात का?"

"हो."

पलीकडून एक मोठा श्वास आला.

"मी पण," वडील म्हणाले.

हापालाने मान हलवली. फोनवर मान हलवून दिसत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नाही. पण पलीकडचा माणूसही बहुधा मान हलवत असावा, कारण दोघंही चांगली दोन-तीन मिनिटं काहीच बोलले नाहीत आणि दोघांनाही त्याची अडचण वाटली नाही.

मग मुली गायल्या. पहिल्यांदा आपल्या वेगाने. त्यात एक-दोन गुडघे हलले. आमच्याकडे याला दंगल म्हणतात. शेवटचं गाणं सिगनेने खाली बसून, खालच्या पट्टीत, वडिलांसारखं सावकाश म्हटलं. तेव्हा काळ्या कोटांना जे हवं होतं ते मिळालं. जाताना न्यायाधीशीणबाई हापालापाशी थांबल्या. "वाईट नव्हतं," म्हणाल्या. यापेक्षा मोठी शाबासकीही मिनेसोटात नाही. जेराल्डला व्हॅनमध्ये उचलून ठेवावं लागलं, क्लिफर्डचा ट्रे त्याला पचला नव्हता.

सोमवारी हापाला आला. "थंडी," म्हणाला. खिशात पेन नव्हतं. दिवसभर लोक येत होते, भिंतीकडे बघत होते, आणि तो कोपऱ्यात खोकी उघडत बसला होता. वेट मिटन्सच्या कव्हरखाली नुसतीच टाचणी. जुनं कार्ड त्याने स्वतःच फाडलं होतं. एक पोरगा ती रेकॉर्ड उलटीपालटी करून परत ठेवून गेला. सांगायला कुणी नव्हतं ना.

मला हे बघवेना. मी त्याचंच पेन काढलं आणि कार्ड लिहिलं. मला जे येतं तेवढंच लिहिलं: "पंचेचाळीसवर लावा." आणि टाचणी ठोकली.

हापाला उठून आला. वाचलं. टाचणीकडे हात नेला. मी म्हटलं, "माहीत आहे. कमी."

त्याने टाचणी काढली नाही. हात तसाच माझ्यापुढे पसरला. मी पेन त्यावर ठेवलं. त्याने वाकून, माझ्या ओळीखाली, आपल्या तिरप्या अक्षरात लिहिलं:

"वडिलांना ऐकवायची तर तेहेतीस."

मग थोडा मागे सरकून त्याने कार्ड पाहिलं, आणि पेन स्वतःच्या खिशात ठेवून खोकी उघडायला गेला.